इन्सुलिन चालू असूनही मांजराची साखर पुन्हा चढते: डोस वाढवण्याआधी काय तपासायचं

निदान झालं, इन्सुलिन सुरू झालं, पहिले दोन-तीन आठवडे चांगले गेले. मांजराचं पाणी पिणं कमी झालं, लिटरमधले (मांजराच्या शौचाच्या मातीतले) लघवीचे गोळे लहान झाले. मग हळूहळू सगळं पूर्वपदावर. पाण्याची वाटी पुन्हा रिकामी, गोळे पुन्हा मुठीएवढे, मीटरवर ३५०, ४००. अर्धा युनिट वाढवला की चार-सहा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. घरी मधुमेही मांजर सांभाळणाऱ्यांना सगळ्यांत जास्त छळणारी अडचण हीच.

अशा वेळी पहिला हात डोसकडे जातो. तो शेवटी जायला हवा. कारण बऱ्याच घरांत डोस कमी नसतोच. लिहून दिलेला डोस मांजराच्या अंगात पोहोचत नसतो, किंवा पोहोचतो पण दुसरं काहीतरी त्याचं काम मोडून काढत असतं. मूळ चूक तशीच ठेवून डोस वाढवत नेला, की आजार रेड्याला आणि औषध पखालीला असं होतं. शिवाय धोका पुढे उभा राहतो: ती चूक एखाद्या दिवशी आपोआप सुधारते आणि फुगवलेला डोस पहिल्यांदाच पूर्ण अंगात जातो. रात्रीतून साखर ४० वर आलेल्या मांजरांमागे पुष्कळदा हेच कारण असतं.

खालचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमचा मीटर मिलिमोलमध्ये दाखवत असेल तर त्याच्या आकड्याला १८ ने गुणा.

त्याआधी एक गोष्ट, लगेच

साखर चढलेली आहे आणि मांजर जेवत नाही, उलट्या करतंय, कोपऱ्यात गप्प पडून आहे किंवा तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, तर पुढचं वाचत बसू नका. शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं आहे आणि रक्तात कीटोन साठतायत अशी दाट शंका घ्यायची. ही अवस्था काही तासांत हाताबाहेर जाते आणि घरी बरी होत नाही. लघवीतले कीटोन दाखवणाऱ्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात, त्यांची एक डबी घरात असलीच पाहिजे. मांजर लघवीला बसलं की मागून लांब दांड्याचा चमचा धरायचा, पट्टी त्यात बुडवायची आणि डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग पाहायचा. पुसट छटेपेक्षा गडद रंग आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

मांजर जेवतंय, खेळतंय, फक्त आकडे वर आहेत, असं असेल तर शांतपणे एकेक कडी तपासता येते.

सिरिंज आणि कुपी एकाच जातीची आहेत का?

सगळ्यांत मोठी चूक इथे होते आणि ती दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

मांजरांसाठी वापरली जाणारी इन्सुलिनं बहुतेक दोन ताकदींची असतात. कॅनिन्सुलिन आणि प्रोझिंक ही यू-४०, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. माणसांचं ग्लार्जिन यू-१००, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही तशाच दोन प्रकारच्या मिळतात आणि त्यांवरच्या रेघा त्या-त्या इन्सुलिनसाठीच आखलेल्या असतात. यू-४० सिरिंजवर १ ची रेघ म्हणजे ०.०२५ मिली, यू-१०० सिरिंजवर १ ची रेघ म्हणजे ०.०१ मिली.

आता यू-४० इन्सुलिन यू-१०० सिरिंजने १ च्या रेघेपर्यंत ओढलं, तर मांजराला जातात फक्त ०.४ युनिट. साखर उतरत नाही. डोस वाढत वाढत ३ वर येतो, तरी प्रत्यक्षात १.२ युनिटच जातायत. मग एक दिवस सिरिंज संपतात, दुकानदार योग्य जातीच्या देतो, आणि त्या संध्याकाळी मांजराला खरोखरचे ३ युनिट जातात. घरातल्या कोणीच काही बदललेलं नसतं. उलटी चूक तर पहिल्याच दिवशी घातक ठरते: यू-१०० इन्सुलिन यू-४० सिरिंजने १ पर्यंत ओढलं की २.५ युनिट जातात.

म्हणून कुपीवरचं लेबल आणि सिरिंजच्या पाकिटावरचं लेबल शेजारी ठेवून वाचा, प्रत्येक नव्या पाकिटाच्या वेळी. आजवर चुकीची सिरिंज वापरली जात होती असं आढळलं, तर योग्य सिरिंजने तोच आकडा देऊ नका. आतापर्यंत खरे किती युनिट जात होते ते वर दिलंय तसं काढा आणि नवा डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. एक अपवाद माहीत असावा: काही डॉक्टर यू-४० इन्सुलिन मुद्दाम यू-१०० सिरिंजने द्यायला सांगतात, कारण तिच्या रेघा बारीक असतात. तेव्हा युनिटच्या अडीच पट रेघा ओढायच्या असतात, १ युनिटसाठी अडीच रेघा. हे चालतं, पण घरात इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ हवं आणि कुपीवर तशी चिठ्ठी हवी.

ग्लार्जिन यू-३०० या तिप्पट ताकदीतही पेनमध्ये, म्हणजे इन्सुलिन भरलेल्या पेनासारख्या इंजेक्शनात, मिळतं. पेनमधून सिरिंजने इन्सुलिन ओढायची सवय असेल तर ती इथे जिवावर बेतू शकते. यू-३०० साठी सिरिंज नाहीच.

सिरिंज घ्यायची ती ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली. एक मिलीच्या सिरिंजवर १ युनिट मोजणं म्हणजे अंदाजपंचे काम. यू-१०० चं एक युनिट मोहरीच्या मोठ्या दाण्याएवढाच थेंब असतो. तेवढ्यात एक बुडबुडा राहिला तर पाव डोस हवेचा झाला. बुडबुडा टोचला गेल्याने इजा होत नाही, तेवढं इन्सुलिन मात्र कमी जातं. दोन-तीन युनिट जास्त ओढा, सुई वर करून नखाने टिचकी मारा, बुडबुडा वर आला की जास्तीचं कुपीतच परत ढकला. रेघ जुळवायची ती दट्ट्याच्या सुईकडच्या काठाशी आणि सिरिंज डोळ्यांच्या पातळीवर धरून.

कुपीतलं इन्सुलिन अजून जिवंत आहे का?

इन्सुलिन हे प्रथिन आहे. उष्णता आणि गोठण या दोन्हींनी ते कायमचं बिघडतं. २ ते ८ अंश सेल्सिअस ही त्याची जागा. फ्रिजच्या दारात तापमान सतत वर-खाली होतं आणि मागच्या भिंतीला टेकलेली कुपी गोठू शकते, म्हणून मधल्या कप्प्यात, डब्यात, उभी ठेवा. एकदा गोठलेली कुपी वितळल्यावर नेहमीसारखीच दिसली तरी टाकायची.

ग्लार्जिन पाण्यासारखं नितळ असतं. ढगाळ दिसलं, तळाशी कण दिसले की संपलं. त्याला हलवायची गरज नसते. कॅनिन्सुलिन मात्र दुधाळ असतं आणि ते एकसारखं दुधाळ होईपर्यंत नीट हलवावं लागतं, फेस आला तर तो बसू द्यायचा. प्रोझिंक तळहातांमध्ये हलकेच फिरवायचं. इन्सुलिन बदललं तरी हाताची जुनी सवय तशीच राहते, म्हणून प्रत्येक इन्सुलिनचं माहितीपत्रक एकदा तरी शांतपणे वाचा. न हलवलेल्या दुधाळ कुपीतून महिनाभर ओढलं, तर आधी पातळ आणि शेवटी घट्ट इन्सुलिन जातं: सुरुवातीला साखर चढलेली, कुपी संपत आली की अचानक पडलेली. आकड्यांचा असा नमुना वहीत दिसला तर कारण बहुधा हेच.

ग्लार्जिन पाण्याने पातळ करू नका, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळू नका. ते कुपीत आम्ल असतं म्हणून विरघळलेलं राहतं. कातडीखाली गेलं की आम्लता जाते, बारीक स्फटिक बनतात आणि ते सावकाश विरघळतात. त्याचं दीर्घकाळ चालणं या एका गोष्टीवर उभं आहे. कुपीतच ती आम्लता मोडली तर उरलेलं औषध कसं वागेल याचा भरवसा नाही.

कुपीवर उघडल्याची तारीख पेनने लिहा. माणसांच्या ग्लार्जिनच्या पत्रकात उघडल्यापासून २८ दिवस दिलेले असतात. मांजराला डोस इतका लहान लागतो की फ्रिजमध्ये नीट ठेवलेली नितळ कुपी बरेच डॉक्टर त्याहून जास्त काळ वापरू देतात. पण साखर विनाकारण चढायला लागली आणि कुपी जुनी आहे, तर नवी कुपी उघडून पाहणं हा सर्वांत सोपा प्रयोग. फक्त नवी कुपी पहिल्यांदा वापराल त्या दिवशी, जुनीवर असताना डोस वाढवलेला असेल तर, आधी डॉक्टरांना विचारा आणि दिवसभर साखर मोजा.

इंजेक्शन कातडीखाली जातंय का?

मानगुटीवर टोचणं सोपं, म्हणून बहुतेक जण तिथेच टोचत राहतात. तिथली कातडी जाड असते, रक्तपुरवठा कमी असतो आणि महिनोन्‌महिने त्याच जागी टोचलं की आत गाठीसारखा कठीण भाग तयार होतो. त्यातून इन्सुलिन कधी कमी, कधी उशिरा शोषलं जातं. छातीच्या बाजूला, पोटाच्या कडेला, मांडीच्या पुढे सैल कातडी असते, तिथे द्या. आज उजवी बाजू, संध्याकाळी डावी, दर वेळी बोटभर सरकून.

चिमटीत धरून कातडी तंबूसारखी उचला. तंबूच्या तोंडाशी, शरीराला समांतर, सुई आत घाला. सुईच्या समोरच्या बाजूला तुमचं बोट असेल तर सुई आरपार जाऊन इन्सुलिन केसांवर सांडायची शक्यता असते, आणि लांब केसांच्या मांजरात ते कळतही नाही. दिल्यानंतर जागेवरून कोरडं बोट फिरवा. केस ओले लागले किंवा दवाखान्यासारखा उग्र वास आला, तर थोडंफार बाहेर गेलं आहे. अशा वेळी दुसरं इंजेक्शन द्यायचं नाही. किती आत गेलं ते कोणालाच सांगता येत नाही. वहीत लिहा आणि पुढच्या वेळेची वाट पाहा. एक वेळ साखर चढली तर मांजर ती सोसतं, दुप्पट डोस सोसत नाही.

सुई दर वेळी नवी. दुसऱ्यांदा वापरलेल्या सुईचं टोक वाकलेलं असतं, ती दुखते, मांजर हिसका देतं आणि अर्धा डोस बाहेर जातो. पेन वापरत असाल तर माहितीपत्रकाप्रमाणे आधी थोडं इन्सुलिन हवेत सोडून सुई भरून घ्या आणि बटण दाबल्यावर मनात सावकाश दहा मोजून मगच सुई काढा.

मीटर खरं बोलतोय का?

माणसांचा ग्लुकोमीटर मांजराचं रक्त मोजताना सहसा खरा आकडा कमी दाखवतो. माणसाच्या रक्तात साखरेचा बराच वाटा तांबड्या पेशींत असतो, मांजराच्या रक्तात नव्वद टक्क्यांहून जास्त साखर बाहेरच्या द्रवात असते, आणि मीटरचं गणित माणसाच्या वाटणीवर बसवलेलं असतं. प्राण्यांसाठीच्या मीटरवर मांजराचा आणि कुत्र्याचा कोड वेगळा असतो. स्ट्रिपची डबी बदलली की तो पुन्हा तपासायचा. कोणताही एक मीटर घ्या, पण तोच वापरा. सकाळी एका मीटरवर आणि संध्याकाळी दुसऱ्यावर मोजून आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

रक्त घेण्याची जागा म्हणजे कानाची बाहेरची कड, काठाने जाणारी बारीक शीर आणि काठ यांच्यामधली पट्टी. कान गार असेल तर रक्त येणारच नाही. कोमट पाण्यात पिळलेला कपडा अर्धा मिनिट कानाला धरा, पुसून कोरडा करा, कडेला पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, मागे दुमडलेला कापूस धरा आणि टोचा. थेंब काढण्यासाठी कान जोरात पिळू नका, पिळलं की रक्तात ऊतीतला द्रव मिसळतो. झाल्यावर कापसाने अर्धा मिनिट दाबून धरलं तर निळं पडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मांजर कान द्यायला कुरकुरत नाही. बोटांना गोड काही लागलेलं असताना मोजलं तर आकडा आभाळाला टेकतो, तेव्हा आधी हात धुवा.

दवाखान्यात मोजलेल्या एकट्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका. पिंजरा, गाडी, अनोळखी वास, शेजारी भुंकणारा कुत्रा. एवढ्या ताणाने मधुमेह नसलेल्या मांजराचीही साखर ३०० च्या पुढे जाऊ शकते. घरी १४० आणि दवाखान्यात ३३० असेल तर घरची वही डॉक्टरांपुढे ठेवा. शंका राहिलीच तर फ्रुक्टोसामीन नावाची रक्ततपासणी मागच्या साधारण एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते, तिच्यावर त्या दिवशीच्या ताणाचा परिणाम होत नाही.

एक आकडा नको, दिवसाचा आलेख हवा

इंजेक्शनच्या आधीचा आकडा हा दिवसातला सहसा सर्वांत वरचा आकडा. त्यावरून डोस ठरवणं म्हणजे फक्त डोंगराचं शिखर पाहून दरीची खोली सांगणं. दर दोन तासांनी, बारा तास मोजा. पहिलं मोजमाप सकाळच्या इंजेक्शनआधी. मध्ये आकडा १५० च्या खाली आला तर दर तासाला.

समजा असे आकडे आले: ३८०, ३००, १९०, १२०, १७५, २९०, ३७०. सकाळ-संध्याकाळ पाहणाऱ्याला ही साखर आवाक्याबाहेर वाटेल. पण सहाव्या तासाला ती १२० वर येतेय, म्हणजे डोस आपलं काम नीट करतोय. सर्वांत खालचा बिंदू ८० ते १५० मध्ये असावा, एवढंच डोसकडून मागायचं असतं. इथे अडचण इन्सुलिन लवकर ओसरण्याची आहे. डोस वाढवला तर दरी ५० वर जाईल, शिखर मात्र फारसं हलणार नाही. डॉक्टरांशी बोलायचं ते इन्सुलिनचा प्रकार बदलण्याबद्दल.

दुसरं चित्र: ३९०, ३७०, ३५०, ३४०, ३५५, ३७५, ३९५. दिवसभर सपाट. वरच्या सगळ्या कड्या तपासून झाल्या असतील, तर इथे डोस खरंच अपुरा आहे किंवा शरीर इन्सुलिनला दाद देत नाही.

तिसरं: ३६०, १८०, ६२, ९५, २४०, ४१०, ४६०. चौथ्या तासाला साखर खोल गेली आणि शरीराने घाबरून यकृतातली साखर रक्तात ओतली. सकाळ-संध्याकाळ मोजणाऱ्याला फक्त ३६० आणि ४६० दिसतात आणि तो डोस वाढवतो, खरं तर तो कमी करायला हवा. साखर पडून उलटी चढण्याचा हा प्रकार, विशेषतः ग्लार्जिनवर, समजला जातो त्यापेक्षा बराच विरळ आहे. पण तो नाही, हे आलेख काढल्याशिवाय म्हणता येत नाही.

एकाच मांजराचे दोन दिवसांचे आलेख जुळतातच असं नाही, म्हणून मोठा निर्णय एका आलेखावर घेऊ नका. कातडीवर बसवायचा सेन्सर हे काम फार सोपं करतो. माणसांत तो साधारण दोन आठवडे चालतो, मांजराच्या अंगावरून बऱ्याचदा आधीच निघतो. तरी आठवडाभराचे आकडे मिळाले तरी खूप झालं. सेन्सर रक्त नव्हे तर ऊतीतला द्रव मोजतो आणि रक्ताच्या मागे थोडा रेंगाळतो. त्याने खूप खालचा आकडा दाखवला तर कानाच्या थेंबाने खात्री करा.

वाटीत काय पडतंय?

कोरड्या दाण्यांत पिष्ट असल्याशिवाय दाणा बनत नाही, आणि मांजराचं शरीर पिष्टासाठी घडलेलंच नाही. मधुमेही मांजराच्या जेवणात एकूण उष्मांकांपैकी साधारण १२ टक्क्यांहून कमी वाटा कर्बोदकांचा असावा. पाकिटावर हा आकडा क्वचितच छापलेला असतो, तो काढावा लागतो. शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करा. उरतं ते कर्बोदक. मग प्रथिनं आणि कर्बोदकांना प्रत्येकी ३.५ ने, चरबीला ८.५ ने गुणा.

ओल्या डब्यावर प्रथिनं ११, चरबी ५, तंतू १, ओलावा ८०, राख २ असेल तर कर्बोदक उरतं १. उष्मांक ३८.५, ४२.५ आणि ३.५, एकूण ८४.५, कर्बोदकांचा वाटा सुमारे ४ टक्के. कोरड्या पाकिटावर प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, ओलावा १०, राख ८ असेल तर कर्बोदक ३४, एकूण उष्मांक ३३३, त्यात कर्बोदकांचा वाटा जवळपास ३६ टक्के. इन्सुलिनने दिवसभर जे उपसायचं ते आपणच वाटीने भरतोय. ‘धान्यमुक्त’ लिहिलेल्या पाकिटाचंही गणित करा. धान्याच्या जागी बटाटा किंवा वाटाणा घातला की कर्बोदक तिथेच राहतं.

मात्र कोरड्यावरून ओल्यावर एका दिवसात उडी मारू नका. इन्सुलिन चालू असताना कर्बोदक एकदम काढलं तर तोच डोस दोन-तीन दिवसांत जड होतो. डॉक्टरांना आधी सांगा, सात ते दहा दिवसांत बदल करा आणि त्या काळात रोज मोजा. मांजर लठ्ठ असेल तर आठवड्याला वजनाच्या साधारण १ टक्का उतरणं पुरे, म्हणजे सहा किलोच्या मांजराचे ६० ग्रॅम. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवणं यकृतासाठी घातक आहे.

घरातल्या दुसऱ्या मांजराची वाटी, गोळी लपवायला दिलेली गोड पेस्ट, साखरेचं सिरप असलेलं औषध, कोणीतरी प्रेमाने दिलेले चार दाणे. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा.

दुसरं औषध, दुसरा आजार

खाजेसाठी, दम्यासाठी, तोंडाच्या दुखण्यासाठी दिलेलं स्टेरॉइड इन्सुलिनच्या थेट विरुद्ध काम करतं. दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन एकदा दिलं की कित्येक आठवडे अंगात राहतं, म्हणून ‘दीड महिन्यापूर्वी एक इंजेक्शन झालं होतं’ हेही सांगायचं. डोळ्यात किंवा कानात घालायच्या थेंबांतही स्टेरॉइड असू शकतं. पण चालू स्टेरॉइड स्वतःहून झटक्यात बंद करू नका.

मग तोंड उघडून पाहा. लालभडक हिरड्या, हललेला दात, कुजका वास. दाताचा जंतुसंसर्ग एकटाच साखर वर धरून ठेवू शकतो. लघवीत साखर असली की तिथे जंतू वाढतात, आणि मांजर त्रास दाखवेलच असं नाही. म्हणून लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करून घ्या. स्वादुपिंडाचा दाह, थायरॉइड वाढणं, मूत्रपिंडाचा विकार यांसाठी रक्ततपासणी लागते.

एका आजाराचं नाव मात्र वेगळं घ्यायला हवं, कारण तो फार उशिरा आठवतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीत गाठ होऊन वाढीचं संप्रेरक जास्त झरतं, त्याला ॲक्रोमेगॅली म्हणतात. ब्रिटनमध्ये १,२२१ मधुमेही मांजरांच्या तपासणीत, जी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे २६ टक्के मांजरांत त्याकडे बोट दाखवणारी आयजीएफ-१ या संप्रेरकाची रक्तातली पातळी सापडली. साखर ४०० असूनही वजन वाढतंय, डोकं रुंद होतंय, पंजे मोठे, नवं घोरणं सुरू झालंय, आणि प्रत्येक वेळचा डोस किलोमागे दीड युनिटच्या पुढे गेलाय, तर आयजीएफ-१ या तपासणीबद्दल विचारा. ती इन्सुलिन सुरू होऊन सहा-आठ आठवडे झाल्यावर करावी. त्याआधी आकडा खोटा कमी येऊ शकतो. बदल इतके सावकाश होतात की रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. दोन वर्षांपूर्वीचा फोटो आजच्या चेहऱ्याशेजारी ठेवला की कळतं.

आता डोस

इतकं सगळं स्वच्छ निघालं तर डोसकडे या. बहुतेक मांजरांना सुरुवात दर बारा तासांनी १ युनिटने होते. पुढची पायरी पाव किंवा अर्ध्या युनिटची, आणि प्रत्येक पायरीनंतर पाच ते सात दिवस थांबायचं. ग्लार्जिनचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी आकडा हलला नाही म्हणून पुन्हा वाढवणारा मांजराला त्याच्या खऱ्या डोसच्या पलीकडे नेतो. खरा डोस कदाचित १.२५ असतो आणि आपण १ वरून थेट २ वर उडी मारलेली असते.

इंजेक्शनआधीचा आकडा अनपेक्षित खाली असेल, समजा २०० च्या आत, तर काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. मांजर जेवलं नसेल तरीही हाच कागद कामाला येईल.

मीटरवर ६० च्या खाली आकडा आणि मांजर ठीक दिसतंय: लगेच जेवायला घाला, अशा वेळी कोरडे दाणेही चालतील. झोकांड्या, शून्यात नजर, थरथर किंवा झटके: मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळा, शुद्धीत नसलेल्या मांजराच्या घशात काही ओतू नका, झटके चालू असताना दातांमध्ये बोट घालू नका, आणि दवाखान्याकडे निघा. मधाची साखर पाव-अर्ध्या तासात उतरते, इन्सुलिन मात्र अजून कित्येक तास काम करत असतं. म्हणून मांजर उठून बसलं तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी मोजत राहायचं. कित्येक मांजरं ४५ वरही काहीच लक्षण दाखवत नाहीत.

आणि दरी आपोआप ८० च्या खाली जायला लागली, तोच डोस जड होऊ लागला, तर स्वादुपिंड पुन्हा कामाला लागल्याची ती खूण असू शकते. डोस पाव-पाव युनिटने खाली येतो आणि काही मांजरांचं इन्सुलिन सुटतं, विशेषतः निदानानंतर लवकर साखर आटोक्यात आलेल्यांचं. सुटल्यावरही जेवण तेच ठेवा, आठवड्यातून एकदा कानाचा थेंब घ्या, कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर ‘याला मधुमेह होता, स्टेरॉइड देण्याआधी विचारा’ हे पहिल्यांदा सांगा. घरी, शांत असताना, सलग दोन मोजमापं १८० च्या वर आली तर पाणी पिणं वाढायची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.